पाणी शुद्ध करणाऱ्या धातूच्या गोळ्या : घेण्याआधी काय विचारावं?

आम्ही भूम तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बारा जणी. कुणी खव्याच्या भट्टीवर, कुणी दुसऱ्याच्या रानात, कुणी शिलाई मशीनवर. आज रेडिओवर बोलायला आलोय ते आमचं यश सांगायला नाही, फजिती सांगायला. यश सगळेच सांगतात. फजिती सांगितली तर निदान दुसऱ्या गटाचे पैसे वाचतील.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एक विक्रेता आमच्या बैठकीला आला. बरोबर स्टीलची एक टाकी, आत वाळूचा थर आणि त्याखाली धातूचे काळपट गोळे. म्हणाला, ‘‘ताई, हे धातूचे उत्प्रेरक आहेत. परदेशातलं तंत्र. पाणी वरून ओता, खालून शुद्ध घ्या. जंतू जातात, क्षार जातात, औषधाचे अंश जातात. वीज नको, काही घालायला नको, गोळे कधी संपत नाहीत. भट्टीचं धुणं ओतलं तरी तेही साफ होईल.’’

किंमत छत्तीस हजार. आम्ही बारा जणी महिन्याला शंभर रुपये टाकतो. म्हणजे अडीच वर्षांची बचत. आमचा विचार असा, की शाळेमागच्या बोअरचं पाणी यातून काढायचं आणि जारने विकायचं. ठराव झाला, सगळ्यांनी सह्या केल्या. चेकवर खजिनदाराची सही झाली.

पहिला महिना पाणी कसं काचेसारखं! चार महिन्यांनी गोळ्यांवर तांबूस बुळबुळीत थर आला, पाण्याला लोखंडाची चव यायला लागली. ग्रामपंचायतीत पाणी तपासायचा संच असतो, तो आणला. टाकीत जाण्याआधीचं पाणी आणि टाकीतून आलेलं पाणी, दोन्ही तपासलं. जडपणा तेवढाच. नायट्रेट तेवढंच. जंतू बघायची बाटली असते, ती दोन्हीकडे काळी पडली. विक्रेत्याला फोन लावला, तर फोन बंद.

आता तुम्ही म्हणाल, सगळंच थोतांड होतं. आम्हीही तेच म्हणत होतो. पण आमच्यातल्या एकीची लेक कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. ती सुट्टीत आली, गोळे हातात घेऊन बघितले आणि म्हणाली, ‘‘मावशी, शास्त्र खरं आहे. फक्त ते कुठं चालतं आणि कुठं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही.’’ मग तिने चार संध्याकाळी आम्हाला बसवून जे समजावलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, पाण्यातली घाण एका जातीची नसते. एक तळाला बसणारी, माती-गाळ. तिला तुरटी फिरवली, वाळूतून गाळलं की काम होतं. दुसरी जिवंत घाण, म्हणजे जंतू. तिला उकळी किंवा क्लोरीन. तिसरी विरघळलेली. ती दिसत नाही, बसत नाही, उकळून जात नाही. हिच्यात पुन्हा दोन जाती आहेत, आणि सगळा घोळ इथंच होतो.

ही जात ओळखायची खूण आपल्या स्वयंपाकघरात आहे. कढईत साखर टाकून आच वाढवली तर काय होतं? करपते, काळी होते, कोळसा होतो. मीठ टाकलं तर? तडतडेल, पण करपणार नाही. कितीही तापवा, मीठ ते मीठ. जे करपतं त्यात कर्ब असतो, कोळसा व्हायचा गुण असतो. रसायनशास्त्रात त्याला सेंद्रिय म्हणतात. आपण शेणखताला सेंद्रिय म्हणतो, तो अर्थ इथं नाही बरं का. दूध, तूप, साखर, शेण हे तर सेंद्रियच; पण कपड्याचा कारखान्यातला रंग, शेतावरचं कीटकनाशक, आजारपणातली बरीचशी गोळ्या-औषधं, हीसुद्धा रसायनशास्त्राच्या भाषेत सेंद्रियच. आणि पाण्याचा जडपणा, खारटपणा, फ्लोराईड, नायट्रेट हे मिठाच्या घरातले. ते करपणारे नव्हेत.

धातूचे हे उत्प्रेरक काम करतात ते साखरेच्या घरातल्या घाणीवर. मिठाच्या घराशी त्यांचा संबंध नाही. एवढं एकच वाक्य आम्हाला ठरावाच्या दिवशी माहीत असतं, तर छत्तीस हजार वाचले असते. कारण आमच्या बोअरचं दुखणं जडपणाचं आणि नायट्रेटचं. औषध भलत्याच रोगाचं आणलं.

आता उत्प्रेरक म्हणजे काय? शब्द जड आहे, वस्तू ओळखीची आहे. जुन्या काळची सुईण आठवा. बाळंतपण बाईचं, बाळ तिचं, कळा तिच्या. सुईण फक्त मधे उभी राहते, अडलेलं सोडवते, आणि काम झालं की हात धुऊन दुसऱ्या घरी जाते. स्वतः खर्ची पडत नाही. उत्प्रेरक तसाच. दोन पदार्थांमधलं अडलेलं काम तो सोडवतो आणि स्वतः शिल्लक राहतो.

आपण त्याच्या हातचं खाल्लेलंही आहे. वनस्पती तूप, ज्याला आपण सरसकट डालडा म्हणतो, ते पातळ तेलापासून घट्ट कसं होतं? तेलात हायड्रोजन वायू सोडतात. नुसता वायू सोडून काही होत नाही. त्यात निकेल धातूची बारीक पूड असावी लागते. तिच्या अंगावर तेल आणि वायू भेटतात, तेल घट्ट होतं, आणि शेवटी पूड गाळून काढतात. धातूच्या पुडीची ही करामत दाखवणारे फ्रान्सचे पॉल साबातिये यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळालं. मोटारीच्या धुराच्या नळीतही प्लॅटिनम, पॅलेडियम अशा धातूंचा पातळ थर दिलेला डबा असतो. विषारी धूर त्याच्यावरून जाताना कमी विषारी होतो. तेही घन धातूचे उत्प्रेरकच.

पाण्याकडे येऊ या. इथं सुईणीचं काम बहुतेक वेळा करतं ते आपलं साधं लोखंड. त्याची गोष्ट सुरू होते चिंचेच्या आंबटापासून. इंग्लंडातल्या केंब्रिजला हेन्री फेंटन नावाचे विद्यार्थी होते. १८७६ साली त्यांच्या लक्षात आलं, की टार्टारिक आम्लात थोडा लोखंडाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं, मग वरून कॉस्टिक घातलं, की जांभळा रंग येतो. टार्टारिक आम्ल म्हणजे तेच, ज्यामुळे आपली चिंच आंबट लागते. १८९४ साली त्यांनी त्याचा सविस्तर लेख छापला. लोखंडाच्या सोबतीने पेरॉक्साइड ते आम्ल बदलून टाकतं, असं त्यात दाखवलं. त्या मिश्रणाला आजही फेंटनचं नाव आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड तुम्हाला माहीत आहे. औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं. जखमेवर टाकलं की फसफसतं. ते पाण्यासारखंच असतं, फक्त त्याच्या प्रत्येक कणात ऑक्सिजन एक जादा. रक्तात लोखंड असलेलं एक द्रव्य आहे, ते त्याला फोडतं, म्हणून फेस. शरीरातलं ते द्रव्य त्याला शांतपणे फोडतं, पाणी आणि ऑक्सिजन करून सोडून देतं. साधं लोखंड मात्र त्याला आडवं फोडतं. त्यातून एक पिसाट तुकडा सुटतो. त्याला हायड्रॉक्सिल मूलक म्हणतात. तो सेकंदाच्या एका अगदी बारीक अंशापुरताच जगतो, पण तेवढ्यात समोर जे करपणारं सापडेल त्याचा लचका तोडतो. रंग असो, औषध असो, फिनाईल असो, तो जात विचारत नाही. असे लचके तुटत तुटत मोठा कण लहान होतो, लहानाचा आणखी लहान, आणि पुरतं मोडलं तर शेवटी कर्बवायू, पाणी आणि थोडे क्षार उरतात. म्हणजे कोळसा जळून राख व्हावी तसं, फक्त ज्योतीशिवाय, पाण्याच्या आत.

इथं एक फरक नीट ध्यानात घ्या. तुरटी घाण गोळा करते. कोळशाचा फिल्टर घाण धरून ठेवतो. दोघांनीही घाण मोडलेली नसते, फक्त जागा बदललेली असते. गाळ आणि भरलेला कोळसा कुठं टाकायचा, हा प्रश्न उरतोच. उत्प्रेरकाचं काम गोळा करण्याचं नाही, मोडण्याचं. म्हणून शास्त्रज्ञांना त्याचं अप्रूप.

मग विरघळलेलं लोखंड असताना घन गोळे कशाला? त्यालाही कारण आहे. फेंटनच्या पद्धतीत लोखंडाचा क्षार पाण्यात विरघळवतात. त्यासाठी पाणी आधी चांगलं आंबट करावं लागतं. काम झालं की चुना किंवा कॉस्टिक घालून आंबटपणा मारायचा. तो मारला की सगळं लोखंड तांबड्या गाळाच्या रूपाने खाली बसतं. म्हणजे एक घाण मोडली आणि दुसरी तयार झाली. सुईण दर बाळंतपणाला नवी आणायची आणि नंतर पुरायची, असला प्रकार.

म्हणून लोखंड पाण्यात न विरघळवता कशाच्या तरी अंगावर पक्कं बसवायचं, असा विचार पुढे आला. कुणी मातीच्या कणांवर बसवलं, कुणी कोळशावर, कुणी लोखंडाचा चुंबकी गंजच वापरला, म्हणजे काम झाल्यावर चुंबक फिरवला की पूड परत हातात. पाणी वाहत पुढे जातं, धातू जागेवर राहतो. गाळ कमी, आणि तोच धातू पुन्हा पुन्हा कामाला येतो. लोखंडाबरोबर तांबं, मँगनीज, कोबाल्ट यांचेही प्रयोग झाले आहेत.

दुसरी एक वाट उन्हाची. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की टिटॅनियम धातूच्या ऑक्साइडवर प्रकाश पडला तर पाण्याचेसुद्धा तुकडे होतात. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ना, तीच ही पांढरी पूड. पुढे कळलं, की प्रकाशातली हीच पूड पाण्यातली सेंद्रिय घाणही मोडते. आपल्याला वाटेल, मराठवाड्यात उन्हाला काय तोटा! पण ही पूड उन्हातला फक्त अतिनील भाग वापरते, आणि तो उन्हाच्या साधारण पाच टक्केच. बाकीचं ऊन तिच्या कामाचं नाही. म्हणून प्रयोगशाळेत झकास चालणारी गोष्ट गावात तितकी झकास चालत नाही.

मग हे सगळं खऱ्या कामाला कुठं येतं? आपल्या शेजारचं सोलापूर घ्या, चादरी आणि टॉवेलांचं गाव. नाहीतर कोल्हापूरकडचं इचलकरंजी. सूत रंगवलं की रंगाचं पाणी उरतं. आपल्या चादरीचा रंग उन्हात आणि धुण्यात टिकावा अशी आपलीच मागणी असते. तोच टिकाऊपणा पाण्यात गेल्यावर अंगावर येतो. शेण, दूध, विष्ठा जिवाणू खाऊन टाकतात. हा रंग त्यांना सहजी पचत नाही. साध्या सांडपाणी केंद्रातून तो बराचसा तसाच बाहेर पडतो. औषधांच्या आणि कीटकनाशकांच्या कारखान्यांचं पाणीही असंच हट्टी. अशा ठिकाणी फेंटनसारखी पायरी आधी लावतात, मोठे कण मोडून लहान करतात, आणि मग उरलेलं जिवाणूंच्या टाकीत सोडतात. नागपूरची नीरी, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था अशा आपल्या राज्यातल्या संस्थांमध्ये हट्टी सांडपाणी मोडण्यावर वर्षानुवर्षं काम चाललेलं आहे. पण तिथं पाणी कसं आहे हे रोज मोजणारी माणसं असतात, पेरॉक्साइड मापाने घालणारे पंप असतात. स्टीलची टाकी आणून ठेवली आणि विसरलो, असं ते नसतं.

आता आमच्या टाकीत काय चुकलं, ते तुमच्याही ध्यानात आलं असेल. गोळे होते, पेरॉक्साइड नव्हतं. ओझोन नव्हता. ऊनही नव्हतं, टाकी स्टीलची, झाकण बंद. लेक हसून म्हणाली, ‘‘मावशी, सुईण येऊन बसली, पण बाळंतीणच घरात नाही.’’ विक्रेता ‘काही घालायला नको’ म्हणाला, तेव्हाच आम्ही थांबायला हवं होतं. उत्प्रेरक एकटा काही करत नाही. त्याला जोडीदार लागतो.

काही धातू जोडीदाराशिवायही काम करतात, हे खरं आहे. लोखंडाचा नुसता कीस काही रंगांना आणि रसायनांना मोडतो. पण तेव्हा लोखंड स्वतः गंजून संपत जातं. मद्रासच्या आयआयटीतले प्राध्यापक टी. प्रदीप यांनी चांदीचे अतिसूक्ष्म कण वापरून एंडोसल्फान, क्लोरपायरिफॉससारखी कीटकनाशकं पिण्याच्या पाण्यातून काढायची पद्धत बसवली, ती पुढे घरगुती फिल्टरमध्येही आली. त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. काम अस्सल आहे. पण त्यातही धातू हळूहळू खर्ची पडतो आणि आतली नळी ठरावीक काळाने बदलावी लागते. सांगायचा मुद्दा एवढाच, की ‘कधी संपत नाही’ असं कुणी म्हणालं, तर समजून जा.

बैठकीत आमच्यातल्या थोरल्या काकूंनी विचारलं, ‘‘मग आपली तांब्याची कळशी? तीही धातूच की गं.’’ चांगला प्रश्न. तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले हगवणीचे जंतू मेले, असं बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली छापलं आहे. म्हणजे आजीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तांबं जंतूंना मारतं. औषध किंवा रंग मोडत नाही, जडपणा तर नाहीच. तेव्हा कळशी घासून वापरा, पण बोअरला क्लोरीन घालणं सोडू नका.

घन उत्प्रेरकाला तीन दुखणी आहेत, तीही सांगतो. पहिलं, सगळं काम त्याच्या अंगावर, पृष्ठभागावर होतं. त्या अंगावर थर बसला की काम बंद. आपण भट्टीवाल्या बाया हे लगेच समजू. कढईच्या तळाला खव्याचा थर लागला की आच वर पोचत नाही, तसंच. तुपाचा ओशटपणा, गाळ, शेवाळ गोळ्यांवर बसलं की ते मेल्यात जमा. आमच्या टाकीत दोन भांडी धुण्याचं पाणी ओतलं होतं. तुपाचा थर तिथंच बसला.

दुसरं, धातू झिजून पाण्यात उतरतो. लोखंड उतरलं तर चव बिघडते. कोबाल्ट-निकेलसारखे धातू उतरले तर ती गंमत नाही. म्हणून बाहेर येणाऱ्या पाण्यात धातू तपासावा लागतो.

तिसरं, काम अर्धवट राहिलं तर रंग गेलेला दिसतो, पण कण पुरते मोडलेले नसतात. अर्धवट मोडलेला तुकडा कधी कधी मूळ पदार्थाइतकाच वाईट असतो. ‘पाणी काचेसारखं झालं’ ही काही तपासणी नव्हे. आम्ही त्या काचेलाच भुललो होतो.

आणि पेरॉक्साइड घरी आणून प्रयोग करू नका. कारखान्यातलं पेरॉक्साइड कडक असतं. त्याने कातडी पोळते, डोळा जाऊ शकतो.

मग खव्याच्या भट्टीचं काय? भूमचा खवा, कुंथलगिरीचा पेढा, यावर आपल्याकडे किती घरं चालतात! दुधाच्या सांडपाण्याचा वास मात्र भट्टीमागच्या नालीला कायमचा. हे पाणी साखरेच्या घरातलं, पूर्ण करपणारं. मग धातूचे गोळे लावायचे का? गरजच नाही. दूध जिवाणूंना आवडतं, ते फुकट खातात. अडचण वेगळी आहे. ते खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. एक लिटर दूध पचवायला जिवाणूंना साधारण शंभर ग्रॅम ऑक्सिजन लागतो. उन्हाळ्यात एक लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम आठ मिलिग्रॅम. हिशेब करा. नालीत सांडलेलं एक लिटर दूध बारा हजार लिटर पाण्यातला श्वास संपवू शकतं. बारा हजार लिटर म्हणजे एक अख्खा टँकर! मग पाणी काळं होतं, वास सुटतो, ओढ्यातले मासे मरतात.

आम्ही आता काय करतो ते सांगतो. कढई धुण्याआधी उलथन्याने खरवडून घेतो. खरवड वाया जात नाही, जनावराच्या आंबोणात जाते. पहिलं पाणी, जे पांढरं येतं, ते नालीत नाही. तेही म्हशीच्या पुढ्यात, नाहीतर जिच्याकडे गोबर गॅस आहे तिच्या शेणकाल्यात. साबणाचा हात त्यानंतर, म्हणजे साबण जनावराच्या पोटात जायला नको. मागचं पाणी आधी एका लहान हौदात थांबतं. वर तुपाचा तवंग येतो, तो काढतो. मग पाणी शोषखड्ड्यात किंवा नारळ-केळीच्या बुडाला. शोषखड्डा बोअरपासून लांब, उताराच्या बाजूला. यात कुठलाच खर्च मोठा नाही, फक्त रोजची शिस्त आहे. आमच्यातल्या दोघी जणींच्या भट्टीमागचा वास या पावसाळ्यात निम्म्यावर आला.

खरी काळजी फवारणीच्या औषधाची आहे. सोयाबीन, तूर, कांदा, सगळ्यावर फवारा. पंप धुतला जातो विहिरीवर नाहीतर हापशाजवळ. ही घाण करपणारी आहे, जिवाणूंना नीट पचत नाही, आणि पंचायतीतल्या संचात दिसतही नाही. त्या संचात जडपणा, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट, लोह, गढूळपणा अशा गोष्टी कळतात. कीटकनाशक कळत नाही. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो. विहिरीत एकदा उतरलेलं औषध मोडायला यंत्र शोधण्यापेक्षा ते उतरूच न देणं सोपं. बाटली रिकामी झाली की तीनदा विसळायची आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं. म्हणजे औषध पिकावर जातं, पैसेही वसूल. पंप रानातच धुवायचा, विहिरीपासून लांब. रिकाम्या बाटलीला भोक पाडायचं, तिच्यात तेल भरायचं नाही, दूध तर नाहीच नाही. घरच्या गड्यांना हे सांगायला जरा जोर लागतो. पण मैत्रिणींनो, पाणी भरतं कोण? आपण. मग बोलायचा हक्कही आपलाच.

आता कुणी पाण्याचं यंत्र विकायला आलं, तर आमचा गट पाच प्रश्न विचारतो. इतिवृत्ताच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. तुम्हीही लिहून घ्या.

एक, आमच्या पाण्यात नेमकं काय आहे, हे तपासून आलात का? दुखणं साखरेच्या घरातलं आहे की मिठाच्या?

दोन, तुमचं यंत्र ते गोळा करतं, मारतं, की मोडतं? गोळा करत असेल, तर गोळा झालेलं कुठं टाकायचं?

तीन, धातूच्या जोडीला काय घालावं लागतं आणि त्याचा महिन्याचा खर्च किती?

चार, गोळे किती दिवस टिकतात, कसे साफ करायचे, आणि धातू पाण्यात उतरत नाही याचा तपासणीचा कागद कुठं आहे?

पाच, बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर अशा दोन्ही वेळच्या पाण्याची तपासणी आमच्या पसंतीच्या प्रयोगशाळेत करू द्याल का? आणि पैसे त्या दुसऱ्या कागदानंतर घ्याल का?

जो खरा असेल तो या प्रश्नांना रागावणार नाही. आपल्या जिल्ह्यात सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना संच वापरायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, हे आजच ग्रामसेवकाला विचारा. कुणी नसेल, तर तुम्हीच नाव द्या. आमच्यातल्या तिघींनी दिलं.

शेवटी एक सांगायचं राहिलं. आमच्या खजिनदाराचं. चेकवर सही तिची होती, म्हणून गावात बोट तिच्याकडे गेलं. घरातूनही बोलणी बसली. दोन बैठका ती आलीच नाही. तिसऱ्या बैठकीला आली ती कानातली फुलं रुमालात बांधून. म्हणाली, ‘‘हे मोडा आणि गटाचे पैसे भरून घ्या.’’ कुणाच्या तोंडून शब्द निघेना. मग थोरल्या काकूंनी इतिवृत्ताची वही उघडली, ठरावाचं पान काढलं आणि सगळ्यांना आपापली सही वाचायला लावली. बारा सह्या. एक अंगठा. हो, काकूंची सही आणि वर हौसेने अंगठाही! मग काकू म्हणाल्या, ‘‘बाई, चूक करताना आपण बारा जणी होतो. भरताना तू एकटी कशी?’’

ते पैसे आम्ही सगळ्या मिळून महिन्याला पन्नास-पन्नास जादा टाकून भरतोय. पाच वर्षं चालेल ते. टाकीचं स्टील चांगलं आहे. गोळे काढून टाकले, टाकी घासली, आता तिच्यात भट्टीमागच्या पाण्याचा तवंग धरतो. आणि खजिनदार अजून तीच आहे.

शास्त्रावर रागावू नका, मैत्रिणींनो. लोखंडाने रंग मोडतो, औषध मोडतं, हे खरं आहे. उद्या कुणी ते आपल्या गावाच्या मापाचं करून आणेलही. तेव्हा आपण पाच प्रश्न घेऊन तयार असू. येत्या बैठकीत गटाची वही उघडा, हे प्रश्न लिहा, आणि तुमच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली होती, ते विचारा.